चिरा निघाला, चित्र गेलं!

कोकणातल्या ज्या सड्यांवर अश्मयुगातल्या माणसाने हत्ती, वाघ आणि गेंडे कोरून ठेवले, त्याच सड्यांमधून घरं बांधायला चिरा निघतो. खाण बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. पण मग जमीनमालकाच्या पोटाचं काय? आणि खाण चालू ठेवायची, तर या हजारो वर्षांच्या ठेव्याचं काय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर यंत्र लावण्याआधीच्या चार दिवसांत दडलेलं आहे.

जांभा दगड कापायचं यंत्र एकदा कातळावर चढलं की त्याला फारसं थांबावं लागत नाही. गोल पातं आधी उभ्या रेषा मारतं, मग आडव्या. मागून माणसं येतात आणि एकेक चिरा सुटा करून बाजूला रचतात. एक थर संपला की यंत्र खाली उतरतं. पूर्वी हेच काम टिकावाने व्हायचं, तेव्हा एका हंगामात जेवढा कातळ कापला जायचा, तेवढा आता थोड्या दिवसांत निघतो. बऱ्याचदा कातळाचा सगळ्यात वरचा खडबडीत पापुद्रा चिऱ्याच्या कामाचा नसतो. तो आधीच खरवडून कडेला ढकलून दिला जातो.

अडचण इथेच आहे. कोकणातल्या अश्मयुगीन माणसाने जे काही मागे ठेवलंय, ते नेमकं याच वरच्या पापुद्र्यावर कोरलेलं आहे. खाणवाल्याच्या दृष्टीने जो टाकाऊ भाग, तोच इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा!

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या या कातळशिल्पांचं नाव आता जगभर पोचलं आहे. २०२२ मध्ये भारताने ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नेऊन ठेवली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ अशी ही नऊ ठिकाणं. पण ही झाली निवडक नावं. प्रत्यक्षात हजाराहून अधिक आकृत्या डझनावारी गावांच्या सड्यांवर विखुरल्या आहेत. आणखी किती अजून गवताखाली नि मातीखाली आहेत, ते ती जमीन पायी फिरून पाहिल्याशिवाय कळणार नाही. यादीतल्या नऊ ठिकाणांवर निदान चार लोकांची नजर तरी असते. खरी काळजी आहे ती यादीत नसलेल्या आणि अजून कुणाच्या नजरेलाही न पडलेल्या चित्रांची.

सड्यावरचा हत्ती

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या कातळाचं सपाट पठार. उन्हाळ्यात काळंकरडं, भकास. वर ना झाड, ना सावली. पावसाळा लागला की तोच सडा इवल्या इवल्या रानफुलांनी भरून जातो. सड्यात मुरलेलं पाणी खाली झऱ्यांना नि विहिरींना मिळतं. सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी असते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

या निरुपयोगी जमिनीवर काय काय आहे पाहा. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावाला लोक कनकादित्याच्या देवळामुळे ओळखतात. तिथल्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद असा एक हत्ती आडवा कोरलेला आहे. मुंबईतली दोन खोल्यांची कितीतरी घरं त्याच्या पोटात मावतील! पण त्याच्या पोटात घरं नाहीत, प्राणी आहेत. लहानमोठ्या कितीतरी आकृत्या त्या एका रेखाकृतीच्या आत बसवल्या आहेत. बारसूच्या सड्यावर एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ आहेत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या परिसरात भौमितिक नक्षीचा मोठा चौकोन आहे. इतरत्र मोर आहेत, हरणं, रानडुकरं आणि मासे आहेत. एकशिंगी गेंडासुद्धा आहे. आज कोकणात गेंडा औषधालाही सापडायचा नाही. म्हणजे ज्याने तो कोरला त्याने एक तर वेगळंच कोकण पाहिलं होतं, किंवा तो कुठून तरी दूरवरून आला होता.

या चित्रांमध्ये प्राणी आहेत, जलचर आहेत, माणसं आहेत, पण शेती नाही. नांगर नाही की धान्याचं कणीस नाही. त्यावरून ही शेतीपूर्व काळातल्या, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या लोकांची कला असावी, असं मत राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन संचालक डॉ. तेजस गर्गे यांनी मांडलं होतं. युनेस्कोकडे पाठवलेल्या कागदांत यांचा काळ बारा हजार वर्षांहून मागे नेलेला आहे. नेमकं वय ठरवणं मात्र अवघड आहे, आणि त्यामागचं कारण खाणीच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. त्याकडे येऊच.

शाळेतल्या पोरांनी आजोबांना विचारलं

ही चित्रं ‘सापडली’ असं आपण म्हणतो, पण गावकऱ्यांना त्यातली बरीच ठाऊक होती. गुरं चारायला नेणारी पोरं त्यांच्यावर खेळत. काही ठिकाणी त्यांना देवाची खूण मानून नारळ ठेवला जाई. कुठे ती पांडवांनी एका रात्रीत काढली, अशी दंतकथा. ती इतकी जुनी असतील आणि जगाच्या दृष्टीने त्यांना एवढं मोल असेल, याची कल्पना नव्हती इतकंच.

रत्नागिरीतले सुधीर रिसबूड आणि मनोज मराठे हे दोघे पेशाने इंजिनियर. त्यांनी आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सड्यांवर पायपीट सुरू केली. सुरुवातीला चार-दोन ठिकाणंच माहीत होती. मग त्यांनी एक साधी, घरगुती म्हणावी अशी युक्ती केली. शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगितलं, की घरी आजी-आजोबांना विचारून या, आपल्या सड्यावर कुठे चित्रं आहेत का? माहिती येत गेली, पायपीट वाढत गेली आणि आकडा फुगत गेला. २०१८ मध्ये या शोधाची बातमी जगभर गाजली. त्याच सुमारास कातळशिल्पांच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने २४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली.

गोव्यातली कथाही अशीच. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे कातळावर बैल, मोर आणि गोल गोल फिरत जाणारी चक्राकार नक्षी कोरलेली आहे. हेच ते पणसायमळ. १९९३ मध्ये गोव्याच्या पुराभिलेख खात्याचे तेव्हाचे संचालक डॉ. पी. पी. शिरोडकर यांना ही जागा कळली, ती स्थानिक गावकऱ्यांकडून. भोवतालचा सारा मुलूख लोहखनिजाच्या खाणींचा. नदीकाठचा हा तुकडा लोकांच्या आठवणीत राहिला म्हणून जगापुढे आला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अशा जागांची पहिली नोंद ही सरकारी दप्तरात नसते. ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते. खाणीला परवाना देताना दप्तर चाळलं जातं, म्हाताऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही.

चित्र वाचलं तरी भागत नाही

“मग चित्राभोवती कुंपण घाला आणि बाकीचा कातळ कापा,” असं कुणीही म्हणेल. वरवर पाहता हा तोडगा बरा वाटतो. पण तो पुरेसा का नाही, हे जांभ्याच्या स्वभावावरून कळतं.

जांभा वरून टणक आणि आतून मऊ असतो. कापताना तो नरम लागतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तर तो बांधकामाला इतका सोयीचा. पण चित्राच्या चारी बाजूंनी खोल खाण गेली, की चित्र एखाद्या ओट्यावर ठेवल्यासारखं मध्येच उंच उरतं. ओट्याच्या उघड्या पडलेल्या बाजूंवर पावसाचा मारा बसतो. आतला मऊ भाग झिजतो, कडा सुटतात, वर भेगा पडतात. कोकणातला पाऊस काय असतो, ते सांगायला नको. कुंपणाच्या आतलं चित्र काही वर्षांत आपोआप ढासळू लागतं आणि दोष कुणालाच लागत नाही.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या वस्तीचं वय मातीच्या थरांवरून आणि त्यातल्या कोळशा-हाडांवरून काढता येतं. उघड्या कातळावरच्या रेषेला ना थर असतो, ना कोळसा. मग पुरावा शोधायचा कुठे? आसपास. जवळच्या खळग्यात साठलेली माती, तिच्यात सापडणारी दगडी हत्यारं, शेजारच्या एखाद्या गुहेतली वस्ती. सिंधुदुर्गात कोळोशी इथल्या गुहेत पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि दगडी हत्यारं मिळवली, ती याच हेतूने. चित्र काढणारा माणूस राहत कुठे होता, पाणी कुठून आणत होता, छिन्नीसारखं हत्यार कसलं वापरत होता, याची उत्तरं चित्रात नसतात. ती चित्राभोवतीच्या जमिनीत असतात. ती जमीन कापून नेली, तर मागे सुंदर चित्र राहील, पण त्याचं वय आणि त्याची गोष्ट कायमची गेलेली असेल.

म्हणून पुरातत्त्वातली मंडळी ‘जागा’ वाचवा म्हणतात, नुसती ‘वस्तू’ वाचवा असं म्हणत नाहीत.

कायदा आहे, पण कुणासाठी?

आपल्याकडे कायदा कडक आहे. केंद्र सरकारच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून खाणकाम, खोदकाम की सुरुंग, काही चालत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला आणि खाणीला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदाही त्याच धर्तीवर आहे.

पण या सगळ्यात कळीचा शब्द आहे ‘संरक्षित’. सरकारने अधिसूचना काढून एखादी जागा संरक्षित म्हणून जाहीर केली, तरच ही कवचकुंडलं मिळतात. त्याआधी त्या जागेचा दर्जा इतर कुठल्याही खासगी जमिनीसारखाच. युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव गेलं म्हणजे संरक्षण मिळालं, असा अनेकांचा समज आहे. तोही खरा नाही. ती यादी म्हणजे एक प्रकारे अर्जाची पावती. बारसूच्या सड्याचंच पाहा. ज्या परिसरासाठी तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला, त्याच परिसरात युनेस्कोच्या यादीतली कातळशिल्पं आहेत. २०२३ मध्ये तिथे मातीपरीक्षणावरून मोठं आंदोलन झालं, तेव्हा हा विरोधाभास साऱ्या देशाने पाहिला.

पर्यावरण परवानगीच्या कागदांतही अशीच फट आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पवाल्याला अर्जात लिहावं लागतं, की पंधरा किलोमीटरच्या आत पर्यावरण, निसर्गदृश्य किंवा सांस्कृतिक मूल्यासाठी कायद्याने संरक्षित अशी जागा आहे का? प्रश्न चांगला आहे. पण जे चित्र अजून कुणाला दिसलेलंच नाही, ते कायद्याने संरक्षित कुठून असणार? अर्जदार खोटं न बोलताही ‘नाही’ असं लिहून मोकळा होतो. आणि त्याच ‘नाही’च्या जोरावर यंत्र कातळावर चढतं.

जुना कातळ, जुना प्रश्न

खाण आणि इतिहास यांचं हे नातं कोकणापुरतं नाही. गंमत म्हणजे खाणीने इतिहास नेला तसा अनेकदा दिलाही आहे.

जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात १८५६ साली चुनखडीच्या खाणीत कामगार एका गुहेतला गाळ उपसत होते. गाळात हाडं निघाली. अस्वलाची असतील, म्हणून ती फेकूनच द्यायची, पण योहान फुलरोट नावाच्या एका शिक्षकाच्या नजरेला पडली आणि वाचली. माणसाच्या त्या प्राचीन भाईबंदाला आज सारं जग निअँडरथल म्हणतं. ती गुहा मात्र खाणीने गिळली, इतकी की ती नेमकी कुठे होती हेसुद्धा लोक विसरले. १९९७ मध्ये संशोधकांनी खाणीचा जुना ढिगारा शोधून काढला आणि पुन्हा खणला. त्यात मिळालेला हाडाचा एक तुकडा १८५६ च्या हाडाला बरोब्बर जुळला! दीडशे वर्षांपूर्वी कामगारांना कुणी दोन दिवस थांबायला सांगितलं असतं, तर ढिगारा चाळायची वेळ आली नसती.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या जूकान घळीतल्या दोन शैलाश्रयांमध्ये ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असल्याचे पुरावे होते. २०१४ च्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांचा विणलेला पट्टा मिळाला. त्या केसांचं नातं आज त्याच भूमीवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांशी जुळलं. तरीही २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावून ती जागा उडवली. कंपनीकडे २०१३ ची सरकारी परवानगी होती. म्हणजे कायदा मोडला नव्हता! पण जगभरातून एवढा संताप उसळला, की कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना पद सोडावं लागलं. परवानगी मिळाल्यानंतर नवी माहिती समोर आली, तर जुनी परवानगी पुन्हा तपासायची की नाही? जूकानने हा प्रश्न साऱ्या खाण उद्योगापुढे ठेवला.

आपल्याच देशातलं मदुराई घ्या. तिथल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर जैन मुनींच्या विश्रांतीसाठी खोदलेल्या दगडी शय्या आणि दोन हजार वर्षांहून जुने तमिळ-ब्राह्मी लेख आहेत. ग्रॅनाइटच्या खाणींनी तिथे इतका धुमाकूळ घातला, की २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला यू. सगायम या सनदी अधिकाऱ्याची चौकशीसाठी नेमणूक करावी लागली. त्याच परिसरातलं अरिट्टापट्टी हे गाव २०२२ मध्ये तमिळनाडूचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. तरीही २०२४ मध्ये ज्या टंगस्टन खाणपट्ट्याचा लिलाव झाला, त्यात हा टापू आलाच. गावकरी रस्त्यावर उतरले, विधानसभेने विरोधाचा ठराव केला आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने तो लिलाव रद्द केला. राजस्थानात चितोडगडाच्या भिंतींना चुनखडीच्या खाणीतल्या सुरुंगांचे हादरे बसत होते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किल्ल्यापासून पाच किलोमीटरच्या आत सुरुंगाने खाणकाम करायला मनाई केली.

चितोडला निदान कोर्टात जायला किल्ला होता. सड्यावरच्या हरणासाठी कोर्टात जाणार कोण?

चिराही आपलाच

इथे खाणवाल्याला खलनायक ठरवून मोकळं होणं बरोबर नाही. कोकणी घर म्हणजे चिऱ्याचं घर. देऊळ, विहीर, गडगा सगळं चिऱ्याचं. जुन्या गोव्यातलं बॉम जीझसचं चर्च ज्या लाल दगडामुळे डोळ्यात भरतं, तो हाच जांभा. चिरा काढणं ही कोकणची पिढीजात कारागिरी आहे. आज त्यावर जमीनमालकाचं, खाणमालकाचं, ट्रकवाल्याचं आणि बाहेरून पोट भरायला आलेल्या कामगाराचं घर चालतं.

जमीनमालकाच्या जागी बसून पाहा. मुलं मुंबईत, आंब्याचा भरवसा नाही, सड्यावर गवताखेरीज काही पिकत नाही. अशात कुणी येऊन म्हणतो, तुमचा कातळ खाणीला द्या, चिऱ्यामागे पैसे घ्या. मुलीच्या लग्नाची नाही तर घराच्या डागडुजीची सोय होते. त्याच वेळी सड्यावर चित्र सापडलं तर काय होईल? सरकार जमीन अडकवेल, मोबदला कधी मिळेल देव जाणे, वर येणारे-जाणारे कुंपण मोडतील. मग शहाणा माणूस काय करील? चित्र सापडल्याचं कुणाला कळूच देणार नाही. एका रात्रीत यंत्र फिरलं की प्रश्नच मिटला!

म्हणजे आजची रचना अशी आहे, की चित्र वाचवणाऱ्याचं नुकसान होतं आणि पुसणाऱ्याचा फायदा. ही रचना उलटी झाल्याशिवाय कितीही फलक लावले तरी कातळशिल्पं वाचणार नाहीत.

ती उलटी करता येते. केंद्राच्या कायद्यात मालकाशी करार करून स्मारक जपण्याची तरतूद आहे. म्हणजे जमीन ताब्यात न घेता, मालकी मालकाकडेच ठेवून संरक्षण करता येतं. चित्राभोवतीच्या जागेसाठी वर्षाकाठी ठरावीक रक्कम, राखणदारीचं काम त्याच घरातल्या माणसाला, आणि खाणीसाठी त्याच्या बिनचित्राच्या दुसऱ्या तुकड्याला लवकर परवाना, असा सौदा मालकाला पटण्यासारखा आहे. उक्षीच्या गावकऱ्यांनी तर सरकारची वाट न पाहता आपल्या हत्तीभोवती भिंत उभी केली. ती भिंतही चिऱ्याचीच!

चार दिवसांचं काम

मग खाण सुरू करण्याआधी नेमकं करायचं तरी काय? जगभर याची साधी पद्धत ठरून गेली आहे. जागतिक बँक गटातली अर्थसंस्थाही मोठ्या प्रकल्पांना कर्ज देताना ती पाळायला लावते. कोकणातल्या दोन-चार एकरांच्या चिरेखाणीलाही ती झेपण्यासारखी आहे.

पहिलं काम विचारपूस. गावातली वयस्क माणसं, गुराखी, देवस्थानचे मानकरी, शाळेतले गुरुजी यांच्याकडे चौकशी. दुसरं, पायी पाहणी. गवत वाळल्यावर, सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हं तिरपी असताना. भर दुपारच्या उन्हात उथळ रेषा दिसतच नाहीत, तिरप्या उन्हात त्यांच्या कडांची सावली पडते आणि चित्र उठून येतं. तिसरं, नोंद. मोजमाप, आराखडा, जमिनीवरून आणि वरून घेतलेली छायाचित्रं. काही अनर्थ घडलाच, तर निदान नोंद तरी उरते. चौथं, चित्राभोवती पुरेसं मोकळं क्षेत्र आखून तिथे यंत्रच नव्हे, ट्रकही फिरकणार नाही अशी सोय. पावसाचं पाणी चित्राकडे वळणार नाही, हेही पाहायचं.

हे सगळं झाल्यावर खाण सुरू झाली, तरी एक नियम राहतोच. काम करताना काही अनपेक्षित दिसलं, तर यंत्र थांबवायचं, जागा आखून घ्यायची आणि कळवायचं. हा नियम पाळायचा तर तो यंत्र चालवणाऱ्या कामगाराला माहीत हवा. साहेबाच्या टेबलावरच्या फायलीत तो असून उपयोग नाही. आणि थांबल्याबद्दल त्या दिवसाचा रोज बुडणार नाही, याची हमीही त्या कामगाराला हवी. ज्याला चिऱ्यामागे पैसे मिळतात, तो फुकट थांबेल ही अपेक्षाच चुकीची.

छोट्या खाणीच्या बाबतीत यातलं पाहणीचं काम तीन-चार दिवसांत उरकतं. परवान्याच्या अर्जाला सातबारा जोडतात, नकाशा जोडतात. त्याच्यासोबत पुरातत्त्व खात्याच्या माणसाने जागेवर जाऊन दिलेला एक पानाचा दाखला जोडणं बंधनकारक केलं, तर ‘संरक्षित जागा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच कातळ पाहून दिलं जाईल. खात्याकडे माणसं कमी आहेत, हे खरंच. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत इतिहास-भूगोल शिकणारी मुलं आहेत आणि सडे पायाखाली घातलेली हौशी मंडळीही आहेत. आजोबांना विचारून आलेल्या शाळकरी पोरांनी जे शोधलं, ते शिकल्या-सवरलेल्या मुलांना अवघड जाऊ नये.

कोकणात जांभा भरपूर आहे. चिरा या सड्यावर नाही तर त्या सड्यावर मिळेल. कशेळीचा हत्ती दुसरीकडे मिळणार नाही.

---

चौकट
सड्यावर चित्र दिसलं तर...

• रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना, रांगोळी किंवा रंग भरू नका. जांभा सच्छिद्र असतो, रंग आत मुरतो आणि पुढच्या तपासणीचा पुरावा बिघडतो.
• चित्रावर बुटांनी चालू नका, गाडी नेऊ नका, शेकोटी पेटवू नका.
• खळग्यातली माती उपसून ‘साफसफाई’ करू नका. त्याच मातीत वय सांगणारा पुरावा असू शकतो.
• दगडाचे धारदार तुकडे दिसले तर उचलून घरी नेऊ नका. ते कुठे पडले होते, यालाच महत्त्व असतं.
• शेजारी मोजपट्टी किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. गाव, वाडी आणि जवळची ठळक खूण लिहून ठेवा.
• तहसीलदार, ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खात्याचं रत्नागिरीचं कार्यालय यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.
• जमीन दुसऱ्याची असेल तर आधी मालकाशी बोला. तो विश्वासात असेल तरच चित्र टिकेल.
• जमिनीत गाडलेलं धन, नाणी किंवा तत्सम मौल्यवान वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. मूल्य दहा रुपयांहून अधिक असलं तरी हा कायदा लागू होतो!